फराळाचा डबा, साठचा बल्ब आणि गणपतीची पट्टी: एका टेरेरियमच्या उजेडाचं प्रकरण

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमाराला, शेजारच्या खोलीतल्या वहिनी दोन प्लास्टिकचे डबे घेऊन दारात उभ्या राहिल्या. मागे त्यांची आठवीतली मुलगी, चेहरा उतरलेला. एका डब्याचं झाकण मधोमध पापडासारखं खाली बसलं होतं. दुसऱ्या डब्यात तपकिरी पडलेलं शेवाळ, लोळागोळा झालेलं फिटोनियाचं शोभेचं झाड आणि झाकणाला आतून चिकटवलेली एलईडीची पट्टी. "भाऊजी, हिनं दोन महिने जपलंय हो. मी म्हणते प्लास्टिकच वाईट, काचेचं भांडं आणू या. तुम्ही काय म्हणता?"

मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. निवृत्तीनंतर गिरगावातल्या आमच्या चाळीत बंद पडलेला मिक्सर, लुकलुकणारी ट्यूब, गरम होणारा बोर्ड, सगळं आपोआप माझ्याकडे येतं. टेरेरियम, म्हणजे बंद पारदर्शक भांड्यातली छोटी बाग, पहिल्यांदाच आलं. दुरुस्त करण्याआधी ते का बिघडलं हे बघायचं, एवढी एक प्रयोगशाळेची सवय अजून टिकून आहे. म्हणून त्या रात्री फक्त प्रश्न विचारले.

आधी काय काय झालं

डबे दिवाळीच्या फराळासाठी क्रॉफर्ड मार्केटातून आणलेले, चार एकसारखे, 30 सेंटिमीटर लांब, 20 रुंद, 20 उंच. म्हणजे बारा लिटर. ऑगस्टमध्ये मुलीनं त्यातला एक पळवला. तळाला वाळूचे खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती. शेवाळ चाळीच्या मागच्या ओल्या भिंतीवरून खरवडलेलं, एक नेचा त्याच भिंतीच्या फटीतून उपटलेला आणि दादरहून आणलेली लाल शिरांची फिटोनिया. पावसाळ्यातल्या मुंबईच्या मानानं ही अगदी बरोबर निवड. ही मंडळी मुळातच सावलीतली आणि दमटपणातली.

डबा ठेवला खोलीतल्या लाकडी फळीवर. खिडकी गॅलरीत उघडते, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. मी नंतर भर दिवसा मोबाइलच्या ॲपनं त्या फळीवरचा उजेड मोजला, तेव्हा 100 लक्सच्या (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास आकडा आला. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण अंदाजाला पुरतो. बाहेर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो, आणि शेवाळ किंवा फिटोनियासारख्या झाडांना निदान हजार-दीड हजार लक्स तरी रोजचे काही तास लागतात. तीन आठवड्यांत नेचा गॅलरीकडे मान वळवून लांबुडका झाला. मुलीनं ते बरोबर ओळखलं: उजेड कमी पडतोय.

इथवर तिची चूक काहीच नव्हती.

मग तिनं आजोबांचा जुना टेबललॅम्प काढला. पत्र्याची टोपी, आत 60 वॅटचा पिवळा बल्ब. टोपी झाकणापासून चार बोटांवर. संध्याकाळी सहा ते अकरा. चौथ्या दिवशी झाकण बसलं. मग घरात गणपती आले आणि कुणाला त्याकडे बघायलाही सवड झाली नाही. अनंत चतुर्दशीनंतर मखराला लावलेली एलईडीची पट्टी मोकळी झाली. "एलईडी गरम होत नाही," असं वर्गात कुणीतरी सांगितलेलं. म्हणून दुसऱ्या डब्यात सगळं हलवलं आणि पट्टीचे दोन तुकडे झाकणाला आतून चिकटवले, रोज चौदा तास. दोन आठवड्यांनी ती माझ्या दारात.

प्लास्टिक किती सोसतं

डबा उलटा केला. तळाला बाणांच्या त्रिकोणात 1 हा आकडा. बाजारात पारदर्शक दिसणाऱ्या प्रत्येक डब्याला अ‍ॅक्रिलिक म्हणायची पद्धत आहे, पण 1 म्हणजे पेट, आपल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक. त्या बाटलीत कुणी उकळता चहा ओतला की ती कशी आक्रसते, हे प्रवासात पाहिलेलं असतंच. पेट साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. अ‍ॅक्रिलिक आणि 6 आकड्याचं पॉलिस्टायरीन याहून बरंच वर टिकतात, पण तेही शंभराच्या आतबाहेर ढेपाळतात. उलट 60 वॅटच्या बल्बची काच सहज शंभरच्या वर जाते. अशा बल्बमध्ये जाणाऱ्या विजेतला दहावा भागही उजेड होत नाही, बाकी सगळी उष्णता, आणि पत्र्याची टोपी तिला इमानदारीनं खाली पाठवते.

तरी करून बघितलंच. वहिनींकडे उरलेल्या दोनांतला एक रिकामा डबा मागितला. "घ्या, पण हा गेला तर चिवडा कशात ठेवू?" असं म्हणून त्यांनी दिला. मल्टिमीटरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, झाकणाच्या खालच्या बाजूला चिकटवला आणि उजेड थेट त्याच्यावर पडू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा एक चुरगळा वर लावला. नाहीतर मोजणारंच तापतं आणि आपण डब्याचं तापमान म्हणून त्याचं स्वतःचं तापमान लिहून ठेवतो. ही चूक मी पहिल्या वर्षाच्या मुलांना किती वेळा करताना पाहिली आहे! खोली 31 अंश. पंचवीस मिनिटांत झाकण 68 वर गेलं. हात लावला तर मऊ. तिथेच दिवा बंद केला आणि चिवड्याचा डबा वाचला.

म्हणजे आगीपर्यंत गोष्ट गेली नाही ती नशिबानं. जवळ जाळीचा पडदा होता. शिवाय वाफ धरलेल्या डब्याचं झाकण उघडताना पाण्याचा एक थेंब त्या तापलेल्या काचेवर पडला असता तर बल्ब तडकला असता, आणि समोर मुलीचा चेहरा.

वहिनींच्या काचेच्या भांड्याचा प्रश्नही इथेच सुटला. काच वितळली नसती हे खरं. पण झाकण वाकलं म्हणून तरी सगळ्यांच्या लक्षात आलं. काचेत तीच झाडं निमूट उकडली असती.

थंड दिव्याची गोष्ट

दुसऱ्या डब्यावर मी जास्त वेळ घालवला, कारण तिथली चूक सहज दिसणारी नव्हती. एलईडी थंड असतो, हे वाक्य अर्धं खरं आहे. पिवळ्या बल्बसारखी उष्णता तो पुढे फेकत नाही, एवढंच. त्याची उष्णता पाठीमागे जाते, ज्याला तो चिकटवलेला आहे त्यात. मखरात थर्माकोलच्या कमानीवर, समोर पंखा, दिवसाचे काही तास आणि दहाच दिवस, तिथे चालून जातं. इथे पाठ प्लास्टिकच्या झाकणाला टेकलेली आणि भोवती बंद, दमट हवा.

पट्टी 12 व्होल्टची, मोठ्या दिव्यांची, मीटरला 60 दिवे. दोन तुकडे मिळून साठ सेंटिमीटर. मोजली तर 0.7 अँपिअर घेत होती, म्हणजे साडेआठ वॅटला थोडं कमी. साडेआठ वॅट म्हणजे तसं काही फार नाही. पण ते बारा लिटरच्या बंद डब्याच्या आत. यातला जो उजेड भिंतींतून बाहेर निसटला तो सोडून बाकी सगळं, झाडांवर पडलेला उजेडसुद्धा, शेवटी उष्णता होऊन आतच राहतं. पट्टी होती तशी लावून तीन तास थांबलो. खोली 31, डब्यातली हवा 37.

आता मुंबईचा हिशोब बघा. ते शेवाळ भिंतीवर वाढलं तेव्हा पावसाळ्यातली हवा 26 ते 30 अंशांत खेळत होती. ऑक्टोबरमध्ये दुपारी पारा 34-35 वर जातो. त्यात सहा मिळवा. चाळिशी आली.

टेरेरियमची कल्पनाच थंड देशातली आहे. नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं 1829 मध्ये पतंगाचा कोश बंद बाटलीत मातीवर ठेवला, आणि त्या मातीतून नेचा उगवला. बाहेरच्या कोळशाच्या धुरात त्याचे नेचे मरत होते, बाटलीत जगले. त्या मुलखात पेटीनं ऊब धरून ठेवली तर बरंच. त्यामुळे तिकडच्या सूचना उबदार दिवा लावा म्हणतात, तळाला हीटर ठेवा म्हणतात. गिरगावात ऊब चाळीच्या भाड्यात येते. इथे प्रत्येक वॅट आत घेण्याआधी विचारून घ्यावा लागतो.

दमटपणानं वेगळाच घोळ घातला होता. पट्टीवरचे तीन दिवे एकत्र विझले होते. मुलीला वाटलं, तिन्ही खराब. 12 व्होल्टच्या पट्टीत दिवे तिनाच्या साखळीनं जोडलेले असतात. एक टाका गंजला की तिघं जातात. कापण्याच्या खुणेपाशी तांब्यावर हिरवं चढलं होतं. ओल्या जागी एकाच दिशेनं वाहणारी वीज तांबं झपाट्यानं खाते. चिकटपट्टी एका टोकाला सुटून पट्टी मातीवर लोंबत होती. 12 व्होल्टनं माणसाला झटका बसत नाही, म्हणून मी त्यावर फार ओरडलो नाही. ओरडलो ते अ‍ॅडॅप्टरवर. बिननावाचा, हलका, हाताला चटका लागेल इतका तापलेला आणि डब्याच्याच शेजारी फळीवर पडलेला. त्याच्या एका बाजूला 230 व्होल्ट असतात. आत दोन बाजू नीट वेगळ्या केल्या आहेत की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. डब्यातून ओघळलेलं पाणी फळीवरून त्याच्यापर्यंत यायला किती वेळ लागणार होता?

काय काय नाकारलं

मुलीनं कागद-पेन घेतलं आणि आम्ही पर्याय लिहिले. पहिला तिच्या आजीचा: "ऊन काय कमी आहे का? गॅलरीत ठेवा." संध्याकाळी चार ते सहा गॅलरीत तिरपं ऊन येतं. कडक उन्हात चौरस मीटरला साधारण हजार वॅट पडतात. डब्याची लांब बाजू 30 बाय 20, म्हणजे 0.06 चौरस मीटर. तेव्हा आकडा येतो 60 वॅट. मुलीनं गुणाकार केला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, म्हणजे तोच बल्ब की हो!" संध्याकाळचं ऊन जरा नरम, पण गोष्ट तीच, आणि या खेपेला बल्ब जणू डब्याच्या आत. ऊन आत शिरतं, उष्णता बाहेर पडत नाही.

जांभळा ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवण्यासाठी मिळणारा दिवा, तिला हवा होता, कारण दिसायला भारी. लाल-निळ्या एलईडीत झाडं वाढतात यात शंका नाही. पण साधा पांढरा एलईडीसुद्धा मुळात निळाच असतो, वरच्या पिवळ्या लेपामुळे पांढरा दिसतो. त्यात निळाही आहे, लालही आहे, शेवाळाला तेवढं पुरतं. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की तपकिरी हेच ओळखता येत नाही. आणि एका खोलीत पाच माणसं राहतात, रात्रीच्या जेवणाला बारमधल्यासारखा उजेड कुणाला हवाय.

जुन्याच टेबललॅम्पात 9 वॅटचा एलईडी बल्ब लावावा हा सगळ्यात स्वस्त पर्याय, आणि खरं सांगायचं तर उष्णतेच्या बाजूनं चालण्यासारखा. फक्त टोपी झाकणापासून वीतभर वर हवी, कारण अशा बल्बच्या मानेतलं सर्किट तापतं आणि पत्र्याच्या टोपीत त्याला हवा मिळत नाही. तो मी नाकारला तो त्याच्या वायरमुळे. कापडी वेष्टनाची वायर, मध्ये इन्सुलेशन टेपचा जोड, आणि लॅम्प कलंडणारा. आजी रात्री पाण्याला उठतात तेव्हा हात फळीला टेकवतात.

मोबाइलच्या चार्जरवर चालणारी 5 व्होल्टची छोटी पट्टी बाहेरून लावणं हेही वाईट नाही. बरणीएवढं टेरेरियम असतं तर मी तेच सांगितलं असतं.

जे लावलं

शनिवारी मुलीला घेऊन लोहार चाळीत गेलो. एक फुटी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांबट दिवा, 5 वॅट, 6500 केल्विनचा पांढरा, 500 ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड), सगळी बॉडी प्लास्टिकची, म्हणजे अर्थिंगचा प्रश्न नाही. (आमच्या चाळीत तिसऱ्या पिनेत वायर असेलच याची मी हमी देत नाही.) बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक संस्थेचा) नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघून घेतला. दुकानदारानं त्याच किमतीत दुप्पट वॅटचा बिनछापाचा पुढे केला, मुलीनंच नको म्हटलं. बरोबर एक चक्राचा टाइमर, ज्यात दर पंधरा मिनिटांची खुंटी दाबायची असते.

बॅटन डब्याला लावलाच नाही. डबा ज्या फळीवर आहे तिच्या वरच्या फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूनं बसवला. झाकण आणि दिव्यात आठ सेंटिमीटर मोकळी हवा. दिव्याची पाठ लाकडाला, पोट हवेला, डब्याला काहीच नाही. या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं काय असेल तर ते आठ सेंटिमीटर. दिव्याची उष्णता डब्यावरून निघून जाते, आत जातो तो फक्त उजेड.

वायर बोर्डाकडे नेताना सॉकेटच्या खाली एक झोळ सोडला. वायरवरून पाणी ओघळलंच तर झोळाच्या तळाशी थेंब पडेल, पिनेत शिरणार नाही. बोर्ड डब्याच्या खाली नाही, बाजूला आणि वर. वहिनींच्या मीटरपेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आधीपासून होता, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघितलं. पडला. हे बटण त्या घरात बसवल्यापासून कुणी दाबलं नव्हतं. मुलीला एकच नियम दिला: पाणी फवारायचं तर आधी पिन काढायची, कोरड्या हातानं.

सहा तासांनी मोजमाप केलं. खोली 31.5, झाकण 34, आतली हवा 32.5. शेवाळाच्या पातळीवर, वाफ धरलेल्या झाकणातून, 1700 लक्सच्या आसपास. पट्टीनं सहा अंश चढवले होते, बॅटननं एक.

त्यानंतर

नेचा गेला. तो आधीच गेला होता, आम्ही उगाच महिनाभर वाट बघितली. फिटोनियाची दोन पेरं हिरवी होती, ती खोचली आणि धरली. शेवाळाचं मला काही खरं वाटत नव्हतं, पण दिवाळी उलटून गेल्यावर तपकिरी गादीत हिरवी टोकं दिसायला लागली.

सुरुवातीला टाइमर बारा तासांवर होता. डिसेंबरात डब्याच्या भिंतीला आतून हिरवट निसरडा थर आला. उजेड आणि ओल जास्त झाली की येतो. तास दहावर आणले, बोटाला फडकं गुंडाळून पुसलं, पुन्हा फारसा आला नाही. एकदा चाळीत अडीच तास वीज गेली, चक्राचा टाइमर तेवढाच मागे पडला आणि पुढचे चार दिवस दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहिला. वीज गेल्यावर घड्याळ लावायचं हे आम्ही सांगायचं विसरलो होतो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी खोलीच 34. तिथे एक अंशही जड. दिवा बदलून उपयोग नव्हता, तेव्हा वेळ बदलली. खोली सगळ्यात थंड असते पहाटे. पण एका खोलीत झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांवर चार वाजता दिवा लावणार कसा? मुलीनंच तोडगा काढला. आमच्याकडे साडेपाचला पाणी येतं, तेव्हा घरात दिवा लागलेलाच असतो आणि सगळे बादल्या घेऊन उठलेले असतात. टाइमर साडेपाच ते दीडवर बसवला, आठ तास. दुपारची तापलेली वेळ डबा अंधारात काढतो. संध्याकाळी तासभर झाकण एका बाजूनं उचलून ठेवतात. फिटोनिया दोनदा छाटावी लागली इतकी माजली आहे.

खर्च बॅटन आणि टाइमर मिळून साडेपाचशेच्या आत गेला. वाकलेल्या झाकणाच्या डब्यात आता वहिनी बटाटे ठेवतात. गणपतीची पट्टी मी गंजलेल्या खुणेच्या अलीकडे कापली, टोकाला नवा टाका मारला आणि चालू करून दाखवली. आजीनं ती गुंडाळून मखराच्या पेटीत परत ठेवली, आणि पेटीवर खडूनं लिहिलं: सहा दिवे कमी.